इंग्रजीचा प्रश्न पुस्तकाच्या कपाटापाशी

२०२५ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत महाराष्ट्रात भाषेवरून जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचे शासनाने ठरविले, त्यास सर्व थरांतून विरोध झाला आणि जूनच्या अखेरीस शासनास ते निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात मराठीच्या बाजूने जे उभे राहिले त्यांच्याशी आपला मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु त्या सगळ्या गदारोळात एका गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पहिलीच्या वर्गात दुसरी एक भाषा केव्हाच येऊन बसलेली आहे. जून २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. या गोष्टीस पाव शतक होऊन गेले. या पाव शतकात आपल्या मुलांना इंग्रजी आली काय, हा प्रश्न भाषेवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारला?

याचे उत्तर देशाच्या पातळीवर तरी उपलब्ध आहे. ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन त्यांची वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालात २०१६ आणि २०२२ या दोन्ही वर्षी इंग्रजीची तपासणी झाली. इंग्रजीतील साधी, चार-पाच शब्दांची वाक्ये वाचू शकणारी पाचवीतील मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीत हेच प्रमाण ४५.३ वरून ४६.७ वर आले. वाक्य वाचता येणाऱ्या आठवीतील मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलांना त्या वाक्याचा अर्थ सांगता आला नाही. याचा अर्थ असा की, आठ वर्षे शाळेत बसूनही ग्रामीण भारतातील निम्म्याहून अधिक मुले इंग्रजीच्या उंबरठ्यावरच उभी आहेत. ही मुले कोणाची हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पालकांना नावे ठेवणे सोपे आहे. मराठी शाळा सोडून गल्लीतल्या 'इंटरनॅशनल' पाटीच्या शाळेत मूल घालणाऱ्या धुणेभांडी करणाऱ्या बाईला मातृभाषेचे महत्त्व पटवून देणारे व्याख्याते मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत गेली, हा हिशेब न मांडलेलाच बरा. त्या बाईचे गणित चुकीचे नाही. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या देशव्यापी पाहणीवरून एक अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षण, वय, जात, प्रदेश वगैरे बाबी हिशेबात धरूनही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची ताशी कमाई इंग्रजी न येणाऱ्याच्या तुलनेत सरासरी ३४ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. थोडीफार येणाऱ्याची १३ टक्क्यांनी. मात्र त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपले राजकीय वक्ते सांगत नाहीत, आणि शाळेची पाटी रंगविणारे तर नाहीतच. तरुण कामगारांत हा लाभ केवळ अधिक शिकलेल्यांच्याच पदरात पडतो. जुन्या पिढीत कमी शिकलेल्यालाही इंग्रजीचा काही मोबदला मिळत असे, आता तो मिळत नाही. शिक्षणाचा पाया कच्चा ठेवून वरवर चढविलेली इंग्रजी बाजारात खपेनाशी झाली आहे, आणि नेमकी तीच त्या बाईला पोटाला चिमटा घेऊन विकत घ्यावी लागते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर असलेली 'वाघिणीचे दूध' ही उपमा आपण सर्वांनी शाळेत पाठ केली. ते दूध प्यावयास वाघीण घरी असावी लागते, एवढे मात्र त्या उपमेत राहून गेले.

या प्रश्नाशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आणि काहीसे अवघडलेले आहे. डॉ. लोहियांनी इंग्रजी हटावची हाक दिली तेव्हा त्यांचा रोख परकीयपणावर नव्हता. आपल्या देशात इंग्रजी ही सरंजामी सत्तेचे साधन झाली आहे आणि मूठभरांनी तिच्या आडून कोट्यवधींना कारभारापासून दूर ठेवले आहे, हे त्यांचे निदान होते आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. बिहारमध्ये १९६७ साली कर्पूरी ठाकुरांनी मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. त्यामुळे गोरगरिबांची, विशेषतः खेड्यातील मुलेमुली महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचली. आणि सुखवस्तू वर्गाने 'कर्पूरी डिव्हिजन' म्हणून त्यांची टवाळीही केली. सक्ती काढणे हा न्याय होता. पण दार उघडल्यावर आत गेलेल्या त्या मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तक वाचण्याची शक्ती कोण देणार, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नव्हते. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली आणि दोन दशकांनी टप्प्याटप्प्याने परत आणली. दरम्यान ती गेली होती ती फक्त सरकारी शाळेतून. ज्याला परवडत होते त्याने खासगी शाळेतून आणि घरच्या शिकवणीतून ती राखली होती. हेतू शुद्ध होता, आणि त्याने मक्तेदारी मात्र अधिक घट्ट झाली.

याच्या उलट दुसरी परंपराही आपलीच आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे असे होते की, शेतकऱ्याच्या कष्टातून जमा झालेला पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि ते ज्ञान खाली कधी झिरपत नाही. फुले आणि लोहिया यांना परस्परांविरुद्ध उभे करून वर्तमानपत्री वाद रंगविता येतो. मला त्यात रस नाही. दोघांचाही राग एकाच गोष्टीवर होता, आणि ती म्हणजे ज्ञानाच्या साधनावरील मिरासदारी.

तेव्हा प्रश्न इंग्रजी असावी की नसावी हा उरलेला नाही. ती कोणाच्या मालकीची असावी आणि मुलाला येते तरी कशी, हा आहे. आपली शाळा ती पाठ्यपुस्तकातून शिकविते. वर्षाला एक पुस्तक, त्यातील धडे, धड्याखालची प्रश्नोत्तरे, फळ्यावरून वहीत उतरविलेली तयार उत्तरे, आणि जूनमध्ये नवे पुस्तक. वर्षाकाठी एकच पुस्तक वाचून आपल्यापैकी कोणाला मराठी तरी आली असती काय? वकिलाच्या मुलाला इंग्रजी येते ती शाळेतील धड्यांनी नव्हे. त्याच्या घरी गोष्टींची पन्नास पुस्तके असतात, ती रात्री कोणीतरी वाचून दाखविते, आणि कळले नाही तरी कोणी छडी उगारीत नाही. मजुराच्या मुलाच्या घरी छापील इंग्रजी म्हणजे औषधाचे वेष्टन आणि साबणाचा कागद. दोघांच्या बुद्धीतील म्हणून जे अंतर शिक्षक मोजतात, ते बरेचसे या पन्नास पुस्तकांचे अंतर आहे.

हे नुसते अनुमान नाही. १९८० च्या सुमारास फिजी बेटांवर वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. फिजी म्हणजे आपल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचा देश. तेथील शाळांत फिजीयन आणि हिंदी बोलणारी अशी दोन्ही प्रकारची मुले. ज्यांच्याकडे पुस्तके जवळजवळ नव्हती अशा खेड्यांतील आठ शाळा निवडून चौथी-पाचवीच्या प्रत्येक वर्गास सुमारे अडीचशे सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके देण्यात आली. ३८० मुले या प्रयोगात होती. तुलनेसाठी २३४ मुले नेहमीच्या, वाक्यरचना घोकवून घेणाऱ्या पद्धतीने शिकत राहिली. प्रयोगातील काही वर्गांत शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवून मुलांशी गोष्टीवर बोलावयाचे होते. काहींत रोज थोडा वेळ सर्वांनी, शिक्षकानेही, मुकाट्याने आपापले पुस्तक वाचावयाचे. आठ महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या वेगाच्या दुप्पट आढळली. वीस महिन्यांनी हे अंतर वाढले होते आणि भाषेच्या इतर अंगांतही उतरले होते. हा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजीत चौथीपासून शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी होते, तेव्हा तेथील वेग जसाच्या तसा आपल्याकडे येईल असे कोणी समजू नये. पण तेथील शिक्षक कोणी निराळे नव्हते, शाळांच्या इमारती नव्या नव्हत्या आणि मुले गरीबच होती. नवी होती ती पुस्तके, आणि ती वाचण्याची मोकळीक.

त्याहीपूर्वी, १९२० च्या दशकात, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजीचा विचार करताना विम्याच्या धंद्यातील एक शब्द वापरला, जो अर्थशास्त्राच्या माणसाला चटकन पटावा. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी रक्कम हाती पडते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट यांचा मुद्दा असा की, बहुतेक मुले शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचतच नाहीत. मग ज्या शिक्षणाचे फळ केवळ शेवटी मिळते ते मध्येच शाळा सोडणाऱ्याला काय देते? शून्य. वाचनाचे तसे नाही. ज्याला दोन वर्षांत सोपे पुस्तक आपले आपण वाचता आले, त्याने शाळा सोडली तरी त्याच्या हाती काही उरते आणि ते तो पुढे वाढवू शकतो. या विचारातून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, पायरीपायरीने चढत जाणारी वाचनमालाच तयार केली. वेस्ट हे साम्राज्याच्या शिक्षणखात्याचे नोकर होते, आणि एतद्देशीयांनी इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचावी यात साम्राज्याची काही सोयही असेल. हिशेब मात्र बरोबर होता. दहावीपूर्वी शाळा सोडणाऱ्या आपल्या मुलीच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू आज किती आहे, हा प्रश्न शिक्षणखात्याला कोणीतरी विचारावयास हवा.

पुस्तके द्यावीत हे झाले. पण कपाट भरून कुलूप लावण्याची आपली विद्या मोठी आहे. शाळांतून पुस्तके येतात, दाखलनोंद होते, तपासणीच्या दिवशी ती पुसून ठेवली जातात आणि पान फाटेल या भीतीने मुलाच्या हाती पडत नाहीत. म्हणून मी पुस्तकांपेक्षाही मंडळावर, म्हणजे पाच-सहा मुलांनी एकच पुस्तक एकत्र वाचण्यावर अधिक भर देतो. हा विचार मला पुस्तकातून सुचला नाही. आम्ही इंग्रजी पाचवीपासून शिकलो, आणि पदव्युत्तर वर्गात गेल्यावर अर्थशास्त्राची बहुतेक सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत हे कळले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. वसतिगृहात आम्ही तिघे एकाच गावाकडचे होतो. ग्रंथालयातून जोन रॉबिन्सन यांच्या पुस्तकाची एकच प्रत मिळे. ती एका कंदिलाभोवती (वीज जात असे, आणि जात नसे तेव्हा वॉर्डन दिवे घालवीत) तिघांनी आळीपाळीने वाचावयाची आणि प्रत्येक परिच्छेदावर मराठीतून भांडावयाचे. आमचे इंग्रजी त्या भांडणांतून आले. प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून आले ते फक्त उच्चारांचे भय.

पुढे तालुक्याच्या गावी तीन दशकांहून अधिक काळ शिकविताना मी मात्र नेमके उलट केले, हे कबूल केले पाहिजे. मुलांना इंग्रजी पुस्तक झेपत नाही म्हणून मराठीत टिपणे सांगितली. टिपणांवरून गाइड झाली, गाइडांवरून परीक्षा झाल्या. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्या मुलांना मूळ पुस्तकाचे एक पान आपले आपण वाचता येत नव्हते, आणि त्यांना ते येत नाही हे मला ठाऊक होते.

निवृत्तीनंतर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी पाचवी ते आठवीच्या मुलांचे वाचनमंडळ सुरू केले. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील बावीस मुले आली. पहिल्या तीन महिन्यांत मी त्यांची सात केली. कारण मी शिकवीत होतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारीत होतो, उच्चार सुधारीत होतो, गोष्ट संपली की प्रश्न घालीत होतो. शनिवारची सुट्टी घालवून दुसरी शाळा कोणाला हवी? एका मुलाच्या आजीने मला रस्त्यात थांबवून सांगितले, "सर, पोरगं म्हणतंय, तिथं पण पेपर घेतात." त्या दिवसापासून मी प्रश्न विचारणे बंद केले.

आता चालते ते असे. एका पुस्तकाच्या सहा प्रती. सहा मुलांचा एक गट. मी किंवा मोठी एखादी मुलगी ती गोष्ट चित्रे दाखवीत एकदा मोठ्याने वाचते. मग दोघे-दोघे मिळून वाचतात. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक बदलावयाचे, त्यात कमीपणा नाही. अडलेला शब्द सोडून पुढे जाण्याची मुभा आहे. पुढच्या पानावर तो पुन्हा भेटतो आणि बहुधा आपणच आपला अर्थ सांगतो. मग चर्चा, आणि ती मराठीत. घरी नेण्यास आठवड्याला एक पुस्तक. वही नाही, परीक्षा नाही. फाटलेले पान मुलेच डिंकाने चिकटवितात.

चर्चा मराठीत कशाला, असा आक्षेप गावातील एका इंग्रजी शाळेच्या संचालकांनी घेतला. मराठी बोलल्याने इंग्रजी बिघडते, ही त्यांची श्रद्धा आहे आणि तीवर त्यांचा धंदाही उभा आहे. एक प्रसंग सांगतो. हरवलेल्या शेळीची एक साधी गोष्ट मुले वाचीत होती. शेळी खड्ड्यात पडल्याचे म्हाताऱ्याला ठाऊक होते की नव्हते, यावर वाद पेटला. एका सुताराच्या मुलाचे म्हणणे, म्हाताऱ्याजवळ करवत होती. करवत कोठून आली ते कोणाला कळेना. शेवटी उलगडा झाला की 'सॉ' हा शब्द त्याने शब्दकोशात पाहिला होता आणि त्याला करवत सापडली होती. बांधकाम मजुराची सहावीतील मुलगी म्हणाली, नाही, हे 'सी'चे झाले आहे, त्याने शेळी पाहिली, आणि पुढच्या 'बट' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "बघ, पाहिली पण गप्प बसला. म्हणजे चोर तोच." आपली बाजू सिद्ध करण्यासाठी ती इंग्रजी वाक्यात पुन्हा शिरली होती, आणि वाक्यातील एका क्षुद्र उभयान्वयी अव्ययावर खटला जिंकली होती. इंग्रजीतूनच बोलावयाचे, असा दंडक असता तर ती मुलगी त्या दुपारी तोंड उघडती ना. विचार ज्या भाषेत पळतो त्या भाषेत वाद घालू दिला, म्हणजे पुरावा शोधण्यासाठी मूल आपण होऊन दुसऱ्या भाषेकडे जाते.

आणि ही रीत आपल्याकडे नवीही नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. दादाभाई नौरोजी तिच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांतले. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून त्याच वर्षी निघाल्या. इंग्रजीत वाचलेले ज्ञान तेथे देशी भाषांत निबंधरूपाने मांडले जाई आणि त्यावर चर्चा होई. पुढल्या वर्षी याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चेच. त्या काळच्या त्या सभांत श्रमिकांची मुले नव्हती, हा त्यांचा दोष. रीत मात्र उत्तम होती आणि ती आपण का टाकली हे मला कधी उमगले नाही.

कोणती पुस्तके, हाही प्रश्न येतो. विलायती गोष्टींत बर्फ पडतो, आणि मुले ज्या पदार्थांवर ताव मारतात ते आपल्या मुलांनी कधी पाहिलेले नसतात. शब्द आणि वस्तू दोन्ही अनोळखी असल्या की मूल दोन्हींकडे पाठ फिरविते. सुदैवाने आता येथलीच पुस्तके पुष्कळ आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ पासूनच्या. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तेथील गोष्टी वाचनाच्या चार पायऱ्यांत लावलेल्या असतात, कित्येक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींत मिळतात आणि त्या छापून वाटण्यास कोणाची परवानगी लागत नाही. चेन्नईच्या तूलिकाने एकाच पानावर दोन भाषा असलेली पुस्तके काढली आहेत. बौद्धिक मालमत्तेच्या या युगात, ज्यावर कोणी मालकी सांगत नाही अशी गोष्ट मुलाच्या हाती देता येते, याचे मोल समाजवाद्यांना तरी कळावे.

खर्च पाहू. साधारण साठ रुपयांचे एक पुस्तक धरले तर शंभर प्रतींचे सहा हजार रुपये. डिंक लावून तीन वर्षे टिकविल्या आणि तीस मुलांनी वाचल्या, तर एका मुलामागे वर्षाला सदुसष्ट रुपये पडतात. कोणत्याही खासगी शिकवणीच्या एका महिन्याच्या शुल्काहून ही रक्कम कमी आहे. पुस्तक ही वस्तूच अशी आहे की एकाने वाचल्याने दुसऱ्यासाठी ती संपत नाही. ती घरोघर वेगळी विकत घेण्यापेक्षा सर्वांनी मिळून घेण्यातच शहाणपण आहे, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागू नये.

आपल्यातील काही मित्र म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मला दुर्लक्षणीय वाटत नाही, की हे काम शासनाचे आहे. निवृत्तांनी शनिवारी मंडळे चालविली की शासनाला हात झटकण्यास निमित्त मिळते. धोका खरा आहे. सेवाभावी उपक्रमांची छायाचित्रे काढून सरकारी शाळा बंद करण्याचे कारस्थान आपण पाहतोच आहोत. म्हणून मागणी सोडता कामा नये: प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात, दोन्ही भाषांतील गोष्टींच्या पुस्तकांचे उघडे कपाट आणि वेळापत्रकात वाचनाचा रोजचा तास. मात्र ही मागणी घेऊन मोर्चा काढावयाचा तर आपल्या वस्तीत एक तरी मंडळ चालू असलेले बरे. मजुराच्या मुलीला इंग्रजी पुस्तकावर वाद घालताना ज्या नगरसेवकाने पाहिले आहे, त्याला 'या मुलांना कशाला पुस्तके' असे म्हणणे थोडे जड जाते. पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या किती कार्यालयांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, हे कार्यकर्त्यांना मी काय सांगावे!

आणि ग्रंथालये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. अकरा-बारा हजारांच्या घरातील ही ग्रंथालये हे या राज्याचे वैभव होय. त्यांपैकी 'ड' वर्गातील गावच्या ग्रंथालयाचे अनुदान ग्रंथपालाला माणसासारखे जगू देईल इतकेही नाही. मग पैसा उभा करावयाचा कसा? उत्तर सर्वत्र एकच निघते: स्पर्धापरीक्षांची अभ्यासिका. मासिक शुल्क, रांगेने खुर्च्या, भिंतीवर अधिकाऱ्यांची छायाचित्रे. त्या तरुणांबद्दल मला सहानुभूतीच आहे. घरी शांतपणे बसण्यास कोपरा नसलेलीच मुले तेथे येतात. तीस वर्षांत मी अशीच मुले शिकविली, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण आज पंचविशीत इंग्रजीचा उतारा वाचून प्रश्न सोडविण्याचा जो सराव करीत बसले आहेत, तो बाराव्या वर्षी शेळीच्या गोष्टीवर झाला असता.

आमच्या ग्रंथालयातही आता तोच प्रस्ताव आहे. मागची खोली अभ्यासिकेला द्यावी आणि मुलांचे कपाट वरच्या माळ्यावर हलवावे, असा ठराव कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीपुढे येत आहे. मंडळातील लोक वाईट नाहीत. विजेचे बिल त्यांना भरावयाचे आहे. मी लेखी सूचना दिली आहे की अभ्यासिका सकाळी आणि रात्री चालवावी, शनिवारी दुपारी दोन ते पाच खोली मुलांची राहावी आणि त्या तीन तासांचे नुकसान माझे काही जुने विद्यार्थी वर्गणीने भरून देतील. दोघा सभासदांनी होकार दिला आहे, तिघांचे मत कळलेले नाही. ठराव मंजूर झाला तर नगरपालिकेच्या शाळेचा मागचा व्हरांडा मुख्याध्यापिकाबाईंनी देऊ केला आहे. तेथे पावसाची झड आत येते, म्हणून पुस्तके ठेवण्यास पत्र्याच्या दोन पेट्या पाहून ठेवल्या आहेत.